मृगाच्या आत साठ पिशव्या

नर्सरीच्या धंद्यात एक काम टाळून चालत नाही. पिशव्या हलवणं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप एका जागी तीन-चार महिने राहिलं की तळाच्या भोकातून मूळ बाहेर येतं आणि खालच्या मातीत शिरतं. वरून काही कळत नाही. उलट रोप जास्तच तरारतं, आणि मालकाला वाटतं आपल्या हाताला गुण आहे. म्हणून दर दोन महिन्यांनी प्रत्येक पिशवी उचलायची, बाहेर आलेलं मूळ कापायचं आणि पिशवी वीतभर सरकवून ठेवायची. हे मी सतराव्या वर्षी दुसऱ्याच्या नर्सरीत टेम्पो भरताना शिकलो. या कामात आळस केला म्हणून मी माझ्या गड्यांना शिव्या घातल्या आहेत, एकाला तर भर दुपारी घरी पाठवलं आहे. आणि तीच चूक मी केली. तीन वर्षं.

माझी नर्सरी पेणजवळच्या गडबला, हायवेला लागून. जागा माझी नाही. पेणच्या शाळेत मला विज्ञान शिकवणारे जे सर होते, त्यांची. त्यांच्या घराण्याची इकडे पूर्वापार भाताची खाचरं. आता घरात सगळे मास्तर नाहीतर इंजिनिअर, खाचरात उतरायला कुणी नाही. आमची रोह्याकडची जमीन भावांत वाटली गेली तेव्हा माझ्या वाट्याला जेमतेम वालाचं एक शेत आलं. ते मी धाकट्याला देऊन टाकलं आणि टेम्पोवर चढलो. पुढचं सगळं माझं मी केलं.

सरांना हे मान्य नाही. नर्सरीत कुणी मोठा माणूस आला आणि सर तिथे असले की ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगणार, "हा माझा विद्यार्थी. मी जागा दिली आणि हा उभा राहिला." पहिल्या महिन्यापासून मी भाडं देतो, एकदाही चुकवलेलं नाही. भाडं घेऊन दिलेल्या जागेला कुणी देणगी म्हणतं का? पण सर म्हणायचे आणि मी हसायचो. बारा वर्षं हसलो.

जागा देताना कागद झाला नव्हता. जांभळाखाली उभे राहून सरांनी एकच अट सांगितली होती. "पिशवीतलं तुझं, जमिनीतलं माझं." म्हणजे जमिनीत काही लावशील तर ते जागेच्या मालकाचं, उद्या उपटून न्यायचं नाही. नर्सरीवाल्यांना ही अट सगळीकडेच असते. मला ती सोयीचीच वाटली. मी जमिनीत कशाला काय लावतोय?

सुरुवातीला मी आंबा, नारळ, सुपारी, जास्वंद असलं सगळ्यांकडे असतं ते विकायचो. मग मुंबईची माणसं फार्महाऊस बांधायला लागली आणि गाडीतून उतरल्या उतरल्या विचारायला लागली, "फुलपाखरं येतील असं काही आहे का?" पहिल्या वेळी मी 'आहे' म्हणालो आणि पेंटासची लाल फुलांची रोपं दिली. दुसऱ्या वेळेपर्यंत मी माहिती काढली होती. आंध्रातून ट्रक येतो त्याला सांगून बाहेरदेशची झाडं मागवायला लागलो. निळ्या फुलांच्या लांब काड्यांची पोर्टरवीड. शेंदरी मनोऱ्यासारखा तुरा येणारं पॅगोडा. लाल कृष्णकमळ. आणि बदकवेल, जिचं फूल सुपाएवढं होतं, जांभळ्या शिरांचं, आणि जवळ गेलं की मेलेल्या उंदरासारखा वास.

खरी कला मला डोंगराकडच्या एका कातकरी बाईने शिकवली. ती रानातनं कंद, वेली आणून द्यायची. एकदा तिने भुरुंडीची उपटलेली झाडं भाऱ्यात आणली, ती वाळून गेली होती. मी म्हणालो, "हा कचरा कशाला आणलास गो?" ती म्हणाली, "टांगून तर ठेव. मग बोल." मी दारातल्या बांबूला टांगली. दुपारपर्यंत त्या वाळक्या भाऱ्याला काळी-निळी फुलपाखरं लगडली, शंभर असतील, हात लावला तरी उठेनात. गिऱ्हाईक गाडी थांबवून बघायला लागलं. भाऱ्याखाली मी विकायची झाडं मांडून ठेवायचो. ती कसली झाडं आहेत हे मग कुणी फारसं विचारत नसे.

मी काही साधू नाही. हे सगळं असंच केलं.

शेडनेटच्या मागे मी साठ मोठ्या पिशव्यांची एक रांग लावली. सगळी फुलपाखरांची झाडं, एकाआड एक, उंचीप्रमाणे. ती विकायची नव्हती. गिऱ्हाइकाने मागे येऊन ती रांग बघायची, फोटो काढायचे आणि पुढच्या भागातलं रोप घेऊन जायचं, अशी योजना. पहिल्या वर्षी मी त्या पिशव्याही हलवल्या. हलवताना फांद्यांना लटकलेले कोष गळाले, झाडं आठ दिवस रुसली, आणि शनिवारच्या गिऱ्हाइकाला दाखवायला काही राहिलं नाही. मग मी ठरवलं, ही रांग राहू दे. दुकानाच्या काचेतला माल कुणी रोज हलवतो का?

रांग वाढली. माझ्या डोक्याच्या वर गेली. सकाळी नऊनंतर ऊन रांगेवर आलं की झाडं स्वतःच हलताहेत असं वाटायचं. हायवेच्या रुंदीकरणाची धूळ सगळ्या गडबवर बसायची, मी रोज सकाळी पाइप लावून त्या साठ झाडांची पानं धुवायचो. बाकीच्यांची नाही.

गेल्या वर्षी चैत्रात रोह्याच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. नोकरीतून मोकळ्या झालेल्या, कुंडलिका नदीच्या बाजूला रस्त्याला लागून जमीन घेतलेली. मी नेहमीप्रमाणे बदकवेलीपाशी नेऊन सांगितलं, "ही खास फुलपाखरांची वेल. यावर अंडी घालतात."

त्या म्हणाल्या, "घालतात. पुढं काय होतं?"

मी वेलीचा सुटलेला ताणा बांबूला गुंडाळायला लागलो.

"अळ्या दोन दिवसांत मरतात," त्या म्हणाल्या. "ही बाहेरची वेल त्यांना मानवत नाही. आपल्या रानातली ईश्वरी लावायला हवी. तुम्हाला माहीत होतं ना?"

मला माहीत होतं. पान उलटून मेलेल्या अळ्या मी रोज झटकत होतो. पण असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. मला ती बाई आवडली. दोन तास आमची घासाघीस चालली आणि एकदाही ती पहिल्या आकड्याला हो म्हणाली नाही. शेवटी तिने जे सांगितलं ते ऐकून माझ्या पायाखालची जमीन हलली, चांगल्या अर्थाने. तिला रोपं नको होती, तिला ती रांग हवी होती, वाढलेली, जशीच्या तशी. पावसाच्या तोंडाला तिच्याकडे लावून द्यायची. बाग उभी राहिली तर रस्त्याकडची पुढची पट्टी मी नर्सरीला वापरायची, रीतसर कागद करून, दहा वर्षांसाठी. वर ती म्हणाली, "जमिनीत काय लावायचं ते लावा. जे लावाल ते तुमचं."

त्याआधीच्या दोन वर्षांत मी पेणपासून पार खांब गावापर्यंत जागा बघितल्या होत्या. एकीला पाणी नव्हतं. एक रुंदीकरणात गेली. एकीचे सात मालक, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नव्हते. सरांच्या जागेतून बाहेर पडायला मला ही एवढी एकच वाट दिसत होती, आणि ती त्या साठ पिशव्यांवरून जात होती.

बाई गेल्यावर मी रांगेतली पहिली पिशवी दोन्ही हातांनी धरून उचलली. ती उचलली गेली नाही. दुसरी ओढली, तिचा काठ फाटून हातात आला. तिसऱ्या पिशवीच्या बुडाशी खुरपं घातलं तर अंगठ्याएवढं मूळ सरळ खाली गेलेलं.

मी तिथेच उकिडवा बसलो होतो तेव्हा सर आले. ते दर गुरुवारी एसटीने पेणहून यायचे. छत्रीचं टोक त्यांनी त्या मुळावर ठेवलं.

"हे काय?"

"पिशवीतलं झाड हाय सर."

"झाड पिशवीत आहे. पाणी कुठून पितंय?"

"सर, पाय उंबऱ्याबाहेर पडला म्हणून माणूस घर सोडून गेला असं होतं काय?"

"तीन वर्षं पाय बाहेर असेल तर होतं," सर म्हणाले. "जमिनीतलं माझं. तूच हो म्हणाला होतास."

मला वाटलं होतं ते चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या मुलाला नर्सरीमागच्या त्यांच्या जुन्या घरात पाहुणे ठेवायचे होते, शनिवार-रविवारचे, आणि पाहुण्यांना दाखवायला बाग हवी होती. ही रांग त्याच्या डोळ्यात आधीच भरली होती. सर म्हणाले, "तू कुठे जाऊ नकोस. बागेचं तूच बघ. महिन्याचं काय ते ठरवू."

म्हणजे माझ्याच झाडांचा माळी.

त्या दिवशी मी आवाज चढवला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे चढवला. मी त्यांच्याशी सौदा केला. अर्धा दिवस लागला. ते मास्तर, मी व्यापारी, आणि दोघांनाही हरायची सवय नाही. ठरलं ते असं: मृग लागायच्या आत जी पिशवी झाडासकट जिवंत उचलली जाईल ती माझी. मृगाला जी जागेवर असेल ती त्यांची. वाईट सौदा नव्हता. वेळ होता.

मुळं सुटी करायची रीत आहे. एका बाजूने चर खणून तेवढीच मुळं तोडायची, वरचा भार कमी करायला फांद्या छाटायच्या, ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि पंधरा दिवस थांबायचं. झाड सावरलं की दुसरी बाजू. मग पुन्हा थांबून तळ. घाई केली तर झाड उभ्या उभ्या जळतं. मी रोज पहाटे चार-पाच पिशव्या घ्यायचो. कापताना करकर आवाज यायचा तो मला आवडायचा नाही.

दर गुरुवारी येणारे सर आता रोज यायला लागले. प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे, मी काय करतो ते बघायचे. एकदा बदकवेलीचं फूल माझ्या पाठीला लागून तुटलं. सर उठले, ते उचललं, खिशातलं ब्लेड काढून त्यांनी त्याची नळी उभी चिरली. आत सात-आठ माश्या होत्या, पिवळ्या परागाने माखलेल्या.

"बघ, बघ," ते म्हणाले. मी वाकलो. "वासाने आत येतात. आत जाताना केस आतल्या बाजूला वळतात, वाट देतात. बाहेर यायला लागली की तेच केस आडवे येतात. रात्रभर माशी आत फिरत राहते. दुसऱ्या दिवशी केस सुकतात तेव्हा सुटते."

"आणि सुटली की?"

"की दुसऱ्या फुलात जाते. माशीच ती."

आम्ही दोघंही हसलो. वर्गात मी हे शिकलो असतो तर विज्ञानात पास झालो असतो, असं मी म्हणालो, आणि सर म्हणाले, "वर्गात होतास कुठे तू?" त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं खाल्लं.

वैशाख संपत आला तोवर सगळ्या साठांची एक बाजू तोडून झाली होती, पन्नासेकांची दुसरीही. झाडं मलूल होती, पण जिवंत. मृगाला सोळा दिवस होते. माझ्या हिशेबात पन्नास तरी निघत होत्या आणि पन्नासावर बाईंची हरकत नव्हती.

मग बाई बघायला आल्या. सर खुर्चीवर होतेच. मी ओळख करून दिली. बाई रांगेपाशी फिरल्या, गोणपाट बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "काम नेटकं आहे तुमचं." मला इतकं बरं वाटलं की मी पाइप बंद करायला विसरलो.

सर उठून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "हा माझ्याच जागेत वाढला. ही झाडंही तशीच. जाऊन जाऊन कुठे जाणार? मुळं इथेच आहेत त्याची."

प्रेमाने म्हणाले. हे मला आज कळतं, पण आजही ते मला सोसवत नाही. बाईंसमोर, ज्या एका माणसासमोर मी कुणाचा कुणी नव्हतो, फक्त नेटकं काम करणारा होतो, तिच्यासमोर त्यांनी मला परत त्या खांद्यावरच्या हाताखाली घातलं.

मी हात झटकला. म्हणालो, "मुळं बघायची आहेत तुमाला? थांबा, दाखवतो."

पहार घेतली. पहिल्या पिशवीच्या बुडाखाली घालून वर झोका दिला. फट्कन आवाज झाला आणि झाड आडवं झालं. दुसरी. तिसरी. बाई "अहो थांबा, अहो ऐका" म्हणत होत्या. सर दोन पावलं मागे सरले होते. दुपारचा एक वाजला होता, मे महिन्याचं ऊन, हायवेवरून ट्रक चालले होते. गड्याला मी जवळ येऊ दिलं नाही. बायको शेजारच्या आमच्या खोलीतून धावत आली आणि रांगेच्या मध्ये उभी राहिली.

"आता मला उपटा," ती म्हणाली.

"बाजूला हो गो."

"नाय होत. तो म्हातारा एक बोलला, तुमी साठ वेळा बोलताव. कुणाचं नुकसान चाललंय कळतंय काय?"

मी तिला वळसा घालून पुढची पिशवी धरली. संध्याकाळपर्यंत साठही उपटून झाल्या. सौद्याप्रमाणे साठही माझ्या होत्या, मृगाच्या सोळा दिवस आधी. तसं मी सरांना ऐकवलंही. ते एसटीच्या थांब्याकडे निघाले होते. न वळता त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "जिवंत ठरलं होतं."

त्या आठवड्यात मी जे केलं ते कुठल्याही नर्सरीवाल्याने केलं असतं. सगळी झाडं दुहेरी शेडनेटखाली, दिवसाला सहा वेळा पाण्याचा फवारा, उरलेली पानंही काढून टाकली. पॅगोडा चौथ्या दिवशी गेली. कृष्णकमळं सहाव्या. फांदीला नखाने खरवडून बघायचं, खाली हिरवं असलं तर आशा. रोज सकाळी मी साठ झाडं खरवडायचो. हिरवी निघाली शेवटी नऊ, तीही काड्या.

बाईंना मी फोन केला. पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा वाढवून देतो म्हणालो. भाव पाडला. पुन्हा पाडला. आयुष्यात मी कुणापुढे इतका भाव पाडलेला नाही. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "भावाचं नाही हो. त्या दिवशी मी तुम्हाला थांबा म्हणत होते. माझ्या जमिनीवर मला असा माणूस नको, ज्याला थांबता येत नाही." राग यायला हवा होता. आला नाही. आला असता तर सोपं गेलं असतं.

त्या पावसाळ्यात हायवेची हद्द आणखी आत सरकली आणि नर्सरीचा पुढचा भाग गेला, जिथे विकायचा माल असायचा. उरला तो मागचा तुकडा, साठ खड्ड्यांचा. सरांच्या मुलाने फोन केला. बोलायला गोड आहे. म्हणाला, "काका, बाग करायचीच आहे. जमिनीत लावूया. तुमच्यासारखं कुणाला जमणार?" बायको समोर उभी होती. मुलीचं कॉलेजचं वर्ष चालू होतं. मी महिन्याच्या आकड्यावर अर्धा तास भांडलो, सवय म्हणून, आणि हो म्हणालो.

आता बाग आहे. जुन्या रांगेपेक्षा चांगली, हे मला कबूल करावं लागतं, कारण जमिनीत झाड मोकळं वाढतं. बदकवेल मी लावली नाही, ईश्वरी लावली, आणि तिच्यावरच्या अळ्या जगतात. सर अजून येतात. खांद्यावर हात ठेवत नाहीत. पाहुण्यांना सांगतात, "हे आमचे बागेचे." मग थोडं थांबतात, पुढचा शब्द शोधत असावेत, आणि सोडून देतात. त्यांनी माझं नुकसान केलं असं मला वाटतं. मी माझं जास्त केलं हे बायको आठवड्यातून एकदा सांगते.

मागच्या रविवारी पाहुण्यांमधल्या एक बाई पोर्टरवीडपाशी उभ्या होत्या. निळ्या काडीवर दोन फुलपाखरं, एक भुंगा. त्यांनी विचारलं, "हे केवढ्याला द्याल?"

आकडा माझ्या जिभेवर आला होता. कुणाला किती सांगायचं, किती सोडायचं, कुठे अडायचं, हे मला माणसाच्या चपला बघून कळतं. मी म्हणालो, "विकायला नाय."

त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. त्यांनी एक आकडा सांगितला. मी मान हलवली. त्यांनी तो वाढवला. चांगला वाढवला. हसून म्हणाल्या, "तुम्ही पक्के आहात हं. बरं, तुमचं शेवटचं काय?"

"माझं नाय ते," मी म्हणालो. "मालकाला विचारा. घरात आहेत."

त्या घराकडे गेल्या. मी पाइप घेऊन पुढच्या आळ्यात पाणी सोडलं.